आत कोण आहे?

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला कॉम्प्युटरमधले सगळे कळते, असा एक गैरसमज आपल्या समाजात आहे. तो पसरवण्यात माझाही थोडा हात आहे हे आधीच कबूल करतो. वास्तविक गेली वीस वर्षे मी ज्या यंत्रासमोर बसतो त्याच्याशी माझे संबंध काउंटरपलीकडच्या खातेदाराशी असतात तितपतच आहेत. तो कुरकुरला तर मी ऐकून घेतो. अगदीच बंद पडला तर 'सिस्टिम डाउन आहे' अशी पाटी लावून चहाला जातो. सिस्टिम म्हणजे काय आणि ती डाउन म्हणजे नक्की कुठे गेली, याची चौकशी मी कधी केलेली नाही. बी.कॉम.ला तो भाग नव्हता.

त्यामुळे कन्येला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि ती म्हणाली, "बाबा, कॉम्प्युटर घ्यायचाय, तुम्ही बरोबर चला," तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आमच्या हिला मात्र आनंद झाला. "हो, ह्यांनाच ने. ह्यांच्या बँकेत दिवसभर तेच तर असतं."

"कुठला घ्यायचा?" मी जाणकार चेहरा करून विचारले.

"रायझन."

मला हे फरशी पुसायच्या औषधाचे नाव वाटले. "कंपनी कुठली?"

"एएमडी."

"छे!" माझ्या तोंडून एकदम निघून गेले. "एएमडी नाही. घ्यायचा तर इंटेल."

"का?"

"का म्हणजे? इंटेल ते इंटेल!"

कन्येने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की फॉर्मवर सही न जुळणाऱ्या खातेदाराकडे मी तसाच पाहतो.

आता या 'छे'ला पंचवीस वर्षांचा इतिहास आहे. २००० साली मी टी.वाय.ला होतो आणि आमच्या डोंबिवलीच्या चाळवजा सोसायटीत कॉम्प्युटरची साथ आली होती. पहिल्या मजल्यावर आला, मग समोरच्या बिल्डिंगीत आला. दोन्हीकडे पेंटियम. मी अण्णांच्या मागे लागलो. अण्णा एका खाजगी कंपनीत हिशेबनीस. प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते लॅमिंग्टन रोडला गेले. माझी परीक्षा होती म्हणून मी गेलो नाही, पण दारापर्यंत जाऊन बजावले, "अण्णा, इंटेलच हं. दुसरं काही आणू नका."

संध्याकाळी टॅक्सीतून कॉम्प्युटर आला. कॅबिनेटवर निळ्या अक्षरांत 'इंटेल इनसाइड'चा स्टिकर. दसऱ्याला आम्ही त्याला झेंडूचा हार घातला, तो हार स्टिकर झाकतो म्हणून मी जरा वर सरकवला. आल्यागेल्याला मी आधी स्टिकर दाखवायचो, मग कॉम्प्युटर.

२००३ साली मेमरी वाढवायला एक पोरगा आला. त्याने कॅबिनेट उघडले, आत बघितले, बाहेरचा स्टिकर बघितला आणि म्हणाला, "साहेब, आत एएमडी आहे. के-सिक्स-टू."

मी संतापलो. अण्णांना म्हटले, चला, आत्ताच्या आत्ता त्या दुकानदाराकडे. अण्णा भाजी निवडत होते. म्हणाले, "चालतोय ना? मग झालं." मी तरुण होतो, नुकतीच मिशी आणि पदवी आली होती. म्हणालो, "तुम्हाला कुणीही गंडवतं, अण्णा! हिशेबनीस कसले तुम्ही!" अण्णांनी गवारीच्या शेंगेचे शीर काढले आणि ते काही बोलले नाहीत.

त्या दिवसापासून 'एएमडी' हा आमच्या घरात एक वाक्प्रचार झाला. वांगे किडके निघाले की मी म्हणायचो, "अण्णा, भाजीवाल्याने एएमडी दिलं!" घड्याळ मागे पडले, एएमडी. छत्री उलटी झाली, एएमडी. सगळे हसायचे. अण्णाही हसायचे. वास्तविक तो बिचारा कॉम्प्युटर नऊ वर्षे एकदाही रुसला नाही, पण वाक्प्रचाराला पुरावा लागत नाही.

तर कन्येच्या त्या 'का?'ला उत्तर द्यायचे म्हणून मी अभ्यासाला बसलो. आमच्याकडे कर्जाचे प्रकरण आले की पार्टीचा मागचा इतिहास आधी तपासतात. मी दोन्ही पार्ट्यांचे प्रकरण उघडले आणि मला जे सापडले ते बँकेतल्या माणसाला फार ओळखीचे वाटले.

ही दोन्ही घराणी मूळची एकाच वाड्यातली. कॅलिफोर्नियात फेअरचाइल्ड नावाची कंपनी होती. १९६८ साली तिथून रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर बाहेर पडले, त्यांनी इंटेल काढली. दुसऱ्याच वर्षी त्याच कंपनीतून जेरी सँडर्स आणि आणखी सात जण बाहेर पडले, त्यांनी एएमडी काढली. तारीख १ मे १९६९, म्हणजे आपला महाराष्ट्र दिन. त्याच वर्षी जुलैत इंदिराबाईंनी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. म्हणजे एएमडी आणि माझी नोकरी, दोघींचे मूळ एकाच सालचे.

इंटेलने १९७१ साली पहिला प्रोसेसर विकायला काढला तो एका जपानी कॅल्क्युलेटर कंपनीच्या ऑर्डरीतून निघाला होता. त्यात २,३०० ट्रान्झिस्टर होते. आज कन्येच्या चिपमध्ये ते अब्जांनी मोजतात. आमचा पगार त्या प्रमाणात वाढला असता तर हा लेख मी लिहिला नसता, कुणाकडून तरी लिहवून घेतला असता.

मग आली आयबीएम. १९८१ साली तिने आपल्या पीसीत इंटेलची चिप बसवायचे ठरवले, पण एवढ्या लहान कंपनीवर सगळा भरवसा कसा ठेवायचा? उद्या हिचा कारखाना बंद पडला तर? म्हणून दुसऱ्या कुणीतरी तीच चिप बनवून द्यायला हवी, अशी अट पडली. आता हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. याला जामीनदार म्हणतात. १९८२ साली इंटेलने करार करून एएमडीला जामीनदार म्हणून उभे केले. आमच्याकडे जामीनदार सही करतो, चहा पितो आणि वसुलीची नोटीस जाईपर्यंत तोंड दाखवत नाही. इथे जामीनदाराने शेजारीच दुकान थाटले. इंटेलच्या लक्षात आले तेव्हा तिने पुढच्या ३८६ चिपचे आराखडे द्यायला साफ नकार दिला. मग लवाद, मग कोर्ट. १९९५ साली एकदाचा समझोता झाला. तोवर एएमडीने आपली आपणच ३८६ करून १९९१ मध्ये बाजारात आणलीसुद्धा.

त्यातच कोर्टाने सांगितले, की आकड्यावर कुणाला मालकी सांगता येत नाही, ३८६ हा आकडा सगळ्यांचा. म्हणून इंटेलने १९९३ साली पाचव्या पिढीच्या चिपला आकडा न देता नाव दिले. ग्रीक भाषेत 'पेंटा' म्हणजे पाच, म्हणून पेंटियम. आपल्याकडे मूल पाचव्या दिवशी पाचवीला पुजतात आणि त्याला पुढे जे काही भोगायचे ते त्या दिवशी ठरते म्हणतात. पेंटियमचेही तसेच झाले.

१९९४ साली अमेरिकेतले थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक मूळसंख्यांची काही बेरीज करत होते. ती जुळेना. त्यांनी सगळे तपासले आणि शेवटी दोष प्रोसेसरमध्ये निघाला. पेंटियमला भागाकार नीट येत नव्हता! ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले तर १.३३३८२ यायला हवे, पेंटियम सांगायचा १.३३३७४. भागाकारासाठी आत जो तक्ता कोरलेला होता त्यातल्या १,०६६ घरांपैकी पाच घरे रिकामी राहिली होती. कंपनीचे म्हणणे असे, की साध्या माणसाला ही चूक २७ हजार वर्षांतून एकदा भेटेल.

हे वाक्य मी आमच्या हेडकॅशियरना वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढला. या माणसाने एकदा वीस पैशांच्या फरकासाठी सगळ्या शाखेला रात्री साडेनऊपर्यंत बसवून ठेवले होते आणि तो फरक माझ्या टेबलाखाली सापडला होता. ते म्हणाले, "सत्तावीस हजार वर्षांनी का होईना, फरक तो फरकच." अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांचेही तेच मत पडले. शेवटी इंटेलला चिपा बदलून द्याव्या लागल्या आणि ४७ कोटी ५० लाख डॉलरचा खर्च खाती टाकावा लागला. पाच घरांचा!

याच प्रकरणात मला एक असा कागद सापडला, की मी खुर्चीत ताठ बसलो. पेंटियमचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतात ते विनोद धाम. जन्म पुणे, १९५०. (शिक्षण दिल्लीचे, पण पुण्याला जन्म एवढा पुरतो.) हे धाम १९९५ साली इंटेल सोडून नेक्सजेन नावाच्या लहानशा कंपनीत गेले, ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि नेक्सजेनच्या आराखड्यावरून एएमडीची के-सिक्स निघाली. के-सिक्सची धाकटी बहीण के-सिक्स-टू. म्हणजे समोरच्या बिल्डिंगीतला पेंटियम आणि आमच्या घरातले ते 'एएमडी', दोन्ही चिपांच्या पत्रिकेत एकच पुण्याचा माणूस! तेवीस वर्षे मी वांग्यांना नावे ठेवत होतो ती कुणाच्या नावाने!

पुढचा इतिहास सासू-सुनेच्या भांडणासारखा आहे, पारडे एकदा इकडे, एकदा तिकडे. मार्च २००० मध्ये एक गिगाहर्ट्झचा टप्पा एएमडीने इंटेलच्या दोन दिवस आधी गाठला. २००३ साली एएमडीने ६४ बिटांची अशी पद्धत काढली, की पुढच्या वर्षी इंटेललाच ती उचलावी लागली. नक्कल करणाऱ्याची नक्कल. मग २००६ पासून इंटेलने असा काही जोर धरला, की एएमडी कर्जात बुडाली. २००९ साली तिने आपले कारखाने वेगळे काढले आणि अबू धाबीच्या पैशावर चालणाऱ्या नव्या कंपनीकडे सोपवले. स्वतःचा कारखाना असेल तोच खरा मर्द, असे ज्या सँडर्सच्या नावावर सांगतात, त्याच्याच कंपनीने कारखाना काढून टाकला! घरात चूल ठेवायची नाही, डबा बाहेरून आणायचा. माझ्यासारख्याने ते कर्जप्रकरण त्याच दिवशी 'संशयित'मध्ये टाकले असते.

आणि इथेच गंमत झाली. ती कळायला मला आमच्या हिच्या ओल्या नारळाच्या वड्यांची मदत झाली.

नारळी पौर्णिमा होती. हिने ताटात मिश्रण थापले होते. कन्या म्हणाली, "बाबा, हे ताट म्हणजे वेफर समजा." मी म्हटले, वेफर म्हणजे बटाट्याचे. "नाही हो. वाळूपासून शुद्ध सिलिकॉन काढतात, त्याची ३०० मिलिमीटरची गोल चकती, म्हणजे बरोब्बर आपलं ताट. त्यावर चिपा छापतात आणि मग आईसारख्या वड्या पाडतात. ताट गोल, वड्या चौकोनी, म्हणून कडेचे तुकडे वाया जातात."

"वाया नाही जात," ही म्हणाली. "तुझे बाबा खातात."

"आता समजा, ताटात चार केस पडले," कन्या म्हणाली. हिने तिच्याकडे असे पाहिले, की उदाहरण बदलावे लागले. चार वेलदोड्याची साले पडली. ज्या वडीत साल ती वडी बाद. मोठाल्या आठच वड्या पाडल्या तर चार गेल्या, निम्मे ताट फुकट. छोट्या चाळीस पाडल्या तर गेल्या चारच, छत्तीस उरल्या. २०१४ साली एएमडीची सूत्रे लिसा सू या बाईंकडे आली. (बाई जन्माने तैवानच्या. एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग त्यांचे दूरचे नातलग. म्हणजे तिथेही सोयरिकीच!) त्यांच्या कारकिर्दीत एएमडीने हेच केले, लहान वड्या पाडून चार-चार जोडायच्या. आणि अर्धवट बिघडलेली वडीही टाकायची नाही. आठ खोल्यांतल्या दोन नीट नसल्या तर त्यांना कुलूप लावून सहा खोल्यांची म्हणून स्वस्तात द्यायची. गिऱ्हाइकाला आतली कुलपे दिसत नाहीत. ही युक्ती अर्थात सगळेच करतात.

इंटेल त्या वेळी आपल्याच चुलीपाशी अडून बसली होती. चिपेवरची नक्षी जितकी बारीक तितकी चिप चांगली. २०१४ साली इंटेल १४ नॅनोमीटरवर आली. पुढचा वर्ग दहाचा. तो काही पास होईना. मग १४ अधिक काढले, मग १४ अधिक अधिक. दहाचा वर्ग मोठ्या प्रमाणावर पास व्हायला २०१९ उजाडले. आणि २०२१ साली तर इंटेलने त्या दहाच्या सुधारलेल्या आवृत्तीचे नावच 'इंटेल ७' ठेवले. तुम्ही म्हणाल, ही फसवणूक झाली. तसे नाही. हे आकडे कुणाचेच खरे नाहीत. पाच नॅनोमीटर म्हटले तरी त्या चिपेत मोजून पाच नॅनोमीटर भरेल अशी वस्तू नसते. आकडा म्हणजे नुसते नाव. डोंबिवलीत ज्याने 'स्टेशनपासून पाच मिनिटे' ही जाहिरात वाचून फ्लॅट घेतला आहे, त्याला हे लगेच समजेल.

अंतर खोटे असले तरी काम मात्र खोटे नाही. ही नक्षी छापायचे यंत्र जगात एकच कंपनी करते, नेदरलँड्समधली एएसएमएल. त्या यंत्रात कथलाचे थेंब सेकंदाला ५० हजार या वेगाने सोडतात, प्रत्येक थेंबाला लेसरने दोनदा टिपतात आणि त्यातून जो प्रकाश निघतो तो इतका लाजाळू, की साधी हवासुद्धा त्याला गिळून टाकते. म्हणून सगळा कारभार निर्वात पोकळीत, आरशांवरून. मी सुईत दोरा ओवायला तीन वेळा दोऱ्याचे टोक चावतो. असो.

तर एएमडीचा बाहेरचा डबा २०१९ पासून तैवानच्या टीएसएमसीकडून येऊ लागला. ही मॉरिस चँग यांनी १९८७ साली काढलेली कंपनी. आपल्या नावाची एकही चिप विकत नाही, दुसऱ्यांच्या करून देते. खानावळ म्हणा. पण खानावळ अशी, की घरोघरच्या चुली विझल्या. २०२२ साली शेअरबाजारातली एएमडीची किंमत इंटेलच्या वर गेली. आणि २०२४ साली खुद्द इंटेलने आपल्या डेस्कटॉपच्या नव्या प्रोसेसरचा, गणित करणारा मुख्य तुकडा कुठून करून घेतला? टीएसएमसीकडून! आमच्या स्टेशन रोडवर समोरासमोर दोन फरसाणवाले आहेत. एकाची शेव खाणारा दुसऱ्याच्या दुकानाची पायरी चढत नाही. पहाटे पाचला दोघांचेही डबे एकाच टेम्पोतून उतरतात, हे मी पहिल्या लोकलला जाताना पाहिलेले आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये तर अमेरिकन सरकारने इंटेलमध्ये सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला. हे वाचून आमच्या शाखेत पेढे वाटावेत असे मला वाटले. कुणीतरी आपल्या लाइनीत आले. आता महागाई भत्ता सुरू झाला की बरे.

एवढा अभ्यास करून मी कन्येबरोबर लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदाराने माझ्याकडे पाहून विचारले, "काय दाखवू, काका?" मी म्हणालो, "हिला विचारा." पाऊण तास दोघे बोलत होते. मधून मधून मी 'कॅश मेमो पक्का द्या' एवढे म्हणत होतो. रायझन घेतला. खोक्यातून एक छोटा स्टिकरही निघाला, त्याचा वेगळा आकार लावला नाही.

घरी जागा करायची म्हणून जुना कॅबिनेट भंगारात द्यायचा ठरला. तो माळ्यावर होता. त्याच्यामागे अण्णांच्या हिशेबाच्या वह्या. अण्णा २०१४ साली गेले तेव्हा मी त्या तशाच बांधून वर टाकल्या होत्या. हिशेबाची वही हातात आली की उघडणे हा माझा धंद्याचा दोष. २००० सालची उघडली. ऑक्टोबर. अण्णांचे ते बारीक, उजवीकडे झुकलेले अक्षर.

'ताई, क्लासची फी, ४,०००.' त्याखाली, 'कॉम्प्युटर (एएमडी) ३१,८००. टॅक्सी ११०. हमाल २०. स्टिकर ५.' समासात पेन्सिलीने, 'इंटेल ३६,२००. फरक ४,४००. कमी पडले.'

बेरीज बरोबर होती. मी दोनदा केली.

त्यांना कुणी गंडवले नव्हते. पाच रुपये मोजून, पावती न घेता त्यांनी तो स्टिकर आणला होता आणि लोकलच्या गर्दीत चिपेला धक्का नको म्हणून टॅक्सी केली होती. आणि पुढे अकरा वर्षे वांग्यांवरचा माझा विनोद ऐकून हसत होते.

"बाबा, खाली भंगारवाला थांबलाय," कन्या म्हणाली. तिने खांद्यावरून वही वाचली होती की काय कोण जाणे. "निदान स्टिकर काढून ठेवायचा का?"

मी नखाने त्याचा कोपरा उचलून पाहिला. निघेना. पाच रुपयांच्या मानाने डिंक फारच चांगला होता. शेवटी भंगारवाल्याला रद्दी देऊन वाटेला लावला आणि कॅबिनेट पुन्हा माळ्यावर चढवला.